बारावीच्या इंग्रजीतील वीस गुण

राज्य मंडळाच्या बारावी इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी परीक्षेला असले, तरी वर्षभराची धडपड पहिल्या आकड्याभोवतीच फिरते. लेखी परीक्षेतील लेखनकौशल्याच्या १६ गुणांसाठीही, स्वतः तयार करून लिहायचे मुलाखतीचे प्रश्न मुले गाईडातून तोंडपाठ करून येतात. सोलापुरात याचे मला विशेष नवल वाटते. कारण पूर्व भागातील अनेक मुले घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि बाजारात हिंदी किंवा कन्नड सहज बोलतात, म्हणजेच भाषा बोलून बोलून कशी येते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तोंडी परीक्षेत छंदावरचे घोकलेले उत्तर म्हणणाऱ्या एका मुलीला मी मध्येच थांबवून, घरच्या यंत्रमागावर टॉवेल कसा विणतात, असे विचारले; तेव्हा काळ चुकले, क्रियापदे अडखळली, पण धागा तुटल्यावर माग का थांबवावा लागतो, हे तिने मला इंग्रजीत नीट समजावले. अशा बोलण्याला गुण देताना व्याकरणाआधी आशय पोहोचला की नाही, हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र भरगच्च वर्गात प्रत्येकासाठी निवांत पाच मिनिटे कोठून काढायची, हे वेळापत्रक आखणाऱ्यांनीच सांगावे.