श्रीरामपूर, पण नगरचं नव्हे

मुलाला माझ्या कॉलेजात पाठवावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 'पाळकसाहेब, तुमची बी.डी. (म्हणजे ईशशास्त्राची पदवी) सरकारमान्य आहे का हो?' मंडळीतल्या पोरांचे आईबाप हे विचारतात, सोयरीक जुळवायला आलेले पाहुणेही विचारतात. एका कार्यालयाच्या खिडकीवरून तर माझा अर्जच परत आला होता. 'श्रीरामपूरला विद्यापीठ कुठंय?' तिथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर होतं. माझं श्रीरामपूर बंगालमधलं, हुगळीच्या पश्चिम काठावरचं. आम्ही त्याला सेरामपूर म्हणतो.

मान्यता आहे, आणि ती जुनी आहे. विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी १८१८ साली हे सेरामपूर कॉलेज काढलं, तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक यानं सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार दिला. १८४५ मध्ये गाव इंग्रजांना विकलं गेलं, तरी करारात सनद शाबूत राहिली. पहिल्या बी.डी. पदव्या मात्र थेट १९१५ साली दिल्या गेल्या. १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळानं कायदा केला आणि ईशशास्त्राच्या पदव्यांसाठी सिनेट, म्हणजे त्या पदव्यांचा कारभार पाहणारं मंडळ, आलं. आज देशभरातल्या कितीतरी सेमिनऱ्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या संस्था, त्याच सिनेटला जोडलेल्या आहेत, पुण्याच्या बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरीसुद्धा. त्याच आवारात कला-विज्ञान शिकणाऱ्यांना पदवी मिळते ती कलकत्ता विद्यापीठाची.

पण मला त्या जागेनं बांधून घेतलं ते एका वाक्यानं. जात, वर्ण किंवा देश यांपायी कुणाचाही प्रवेश अडणार नाही, असं १८३३ च्या नियमांत लिहिलंय. माझे आजोबा गावच्या शाळेबाहेर, ओट्याखाली बसून अक्षरं शिकले. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी हे कागदावर लिहून ठेवलं होतं, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. लिहिणारा केरी स्वतः चांभारकाम करून पोट भरणारा माणूस. ख्रिस्ती मुलांसोबत इतरांनाही पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपातलं विज्ञान दोन्ही शिकवायचं, हा या तिघांचा आराखडा. धर्मशिक्षण म्हणजे बाकीच्या ज्ञानाकडे पाठ फिरवणं नव्हे, हे मी तिथंच शिकलो.

जुनी इमारत नदीकडे तोंड करून उभी आहे. उंच खांब, आत लोखंडी जिने. हे जिने डेन्मार्कच्या राजानं दिल्याचं सांगतात. संध्याकाळी अभ्यास आवरला की आम्ही घाटावर जायचो. समोर बराकपूर, मध्ये माणसं-सायकली घेऊन येणारी होडी.

केरीच्या नावाच्या ग्रंथालयात एक दिवस त्याचा १८१० सालचा मराठी कोश पाहायला मिळाला. पान उघडलं आणि थबकलो. मराठी शब्द मोडी लिपीत होते, आणि मला त्यातलं एकही अक्षर लागत नव्हतं. शेजारी इंग्रजी अर्थ दिलेले, ते मात्र सहज वाचता येत होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी मराठी शिकवायचा, १८०५ मध्ये त्यानं मराठी व्याकरण छापलं, हे सगळं मला पाठ होतं. तरी आपल्याच भाषेच्या दारात, घरापासून इतक्या लांब, मी परका उभा होतो. त्या सुट्टीत गावी आलो तेव्हा पहिल्यांदा मोडीची बाराखडी मिळवली.

तर मुलाला पाठवायचा विचार असेल, तर आधी ठरवा, त्याला पाळक व्हायचंय की दुसरीकडे नोकरी करायचीय. नोकरी करायची असेल, तर त्या जागेच्या जाहिरातीत कोणती पदवी मागितलीय ते नीट वाचा. बी.डी. असेल तर अर्जाला १९१८ च्या कायद्याची प्रत जोडा, माझ्याकडे आहे, मी देईन. आणि गावाच्या नावापुढे पश्चिम बंगाल लिहायला सांगा त्याला.