पोस्ट सुटला पण दात वाचला

आज एक काकू दुसरीकडे बसवलेली कॅप टिश्यूत गुंडाळून घेऊन आल्या, आणि कॅपसोबत आतला फायबर पोस्टही (कॅपला आधार म्हणून दाताच्या मुळात चिकटवलेली काचतंतूंची काडी) अख्खाच्या अख्खा बाहेर, सिमेंट सगळं पोस्टला चिकटलेलं, दाताच्या बाजूला काहीच नाही. फायबर पोस्ट बहुतेकदा असाच फेल होतो, सुटून येतो, मूळ सहसा फुटत नाही, म्हणून मला तो मेटलपेक्षा आवडतो.

पण रूट कॅनॉलच्या आत बाँडिंग (पोस्ट दाताला चिकटवणं) खरंच अवघड असतं हो. जागा खोल आणि अरुंद, सिमेंट कडक करणारा लाइट तळापर्यंत पोचत नाही म्हणून ड्युअल क्युअर (लाइट नसला तरी आपोआप सेट होणारं) सिमेंट लागतं, भिंतीवर जुना सीलर (रूट कॅनॉल भरताना वापरलेली पेस्ट) राहिला तर ते सिमेंट धरणार कशाला? शेवटी हायपोक्लोराइटने (जंतू मारणारं द्रावण) धुऊन तसंच सोडलं तर हे रेझिनचं सिमेंट नीट सेट होत नाही.

आज भिंती मायक्रोस्कोपखाली साफ केल्या, खालचा 5 मिमी गटापर्चा (मुळात भरलेलं रबरासारखं फिलिंग) तसाच ठेवला, ईडीटीए (भिंतीवरचा बारीक थर काढणारं द्रावण), मग पाणी, आणि पेपर पॉइंट (ओल शोषणारी कागदी काडी) कोरडा येईपर्यंत बदलत राहिले. वर चारही बाजूंनी 2 मिमी चांगला दात शिल्लक आहे, कॅपला खरी पकड त्याचीच. काकू तर दात काढायच्या तयारीनेच आलेल्या! पुढच्या आठवड्यात कॅपचं माप.