ध्रुवीय सरोवरांतील शैवाल शोधावे कुठे?

नाशिकमध्ये शैवालशास्त्र शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना गंगापूर धरणावर किंवा नांदूरमधमेश्वरला नेतो. प्लवकजाळी (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवके, गाळून घेणारी बारीक जाळी) पाण्यातून दोन-चार वेळा ओढली की नमुन्याची बाटली हिरवीगार होते. त्यामुळे पाणी गाळले म्हणजे सर्वेक्षण झाले, अशी समजूत पक्की होत जाते. ध्रुवीय सरोवरांच्या बाबतीत मात्र ती सोडावीच लागते.

भारताचे मैत्री केंद्र पूर्व अंटार्क्टिकातील ज्या शिर्माकर ओअॅसिस या बर्फमुक्त भूभागात आहे, तेथे शंभराहून अधिक लहानमोठी सरोवरे आहेत. त्यांच्या पाण्यात पोषकद्रव्ये फार थोडी, म्हणून प्लवकेही विरळ. पण त्याच नितळपणामुळे प्रकाश तळापर्यंत पोहोचतो आणि शैवालांचा खरा संसार तळावरच थाटलेला असतो. लेप्टोलिंग्बिया, फॉर्मिडियम अशा तंतुमय नीलहरित शैवालांचा तेथे जाड, चिवट थर बनतो. त्याचा तुकडा उभा कापून पाहिला, तर वरची बाजू कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे नारिंगी दिसते आणि तिच्या आडोशाला खाली निळसर हिरवा पापुद्रा सापडतो. तंतूंमध्ये डायटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेली एकपेशीय शैवालेही अडकलेली असतात. एवढे सगळे जाळीच्या हाती लागत नाही. म्हणून तळाचा थर, काठावरचे दगड आणि ओले शेवाळे (मॉस) यांचे नमुने वेगवेगळे घेणे मला अपरिहार्य वाटते.

अंटार्क्टिकातीलच मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांतील सरोवरांवर तर बारमाही बर्फाचे कित्येक मीटर जाड झाकण असते. तेथील थरात प्राणवायूचे बुडबुडे साठले की थराचे तुकडे सुटून वर तरंगतात आणि बर्फाला खालून चिकटून गोठतात. बर्फ पृष्ठावरून झिजत आणि खालून नव्याने गोठत राहतो, त्यामुळे हे तुकडे वर्षानुवर्षे वर सरकत अखेर उघड्यावर येतात व वाऱ्याने उडून जातात. तेव्हा बर्फाच्या पृष्ठावर मिळालेला वाळका पापुद्रा मूळचा तळाचाही असू शकतो, हे नोंदवहीत लिहिताना ध्यानात ठेवावे लागते.

ओळख पटवण्याचे काम सर्वांत वेळखाऊ. डायटममधील सेंद्रिय भाग हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळून उरलेले सिलिकाचे कवच सूक्ष्मदर्शकाच्या तेलभिंगाखाली धरायचे आणि त्यावरील दहा मायक्रोमीटरमध्ये किती रेषा बसतात ते मोजायचे. येथे युरोपातील ग्रंथांतले जवळचे नाव चिकटवण्याचा मोह टाळावाच. अंटार्क्टिकातील अनेक डायटम पूर्वी अशाच नावांखाली नोंदले गेले आणि पुढे ते केवळ तेथेच आढळणाऱ्या जाती ठरले. नावाची खात्री नसेल तर प्रजातीपर्यंतच (जीनसपर्यंत) थांबावे, पण छायाचित्र आणि मोजमापे जरूर जोडावीत.