गाइडलाइन वाढली, घर तेवढंच

"घर काय पावसात भिजून फुगलं का?" महापालिकेच्या झोन ऑफिसच्या खिडकीशी रामबागेतल्या एक आजी संपत्तिकराचं बिल धरून विचारत होत्या. मागची रांग हसली. प्रश्न मात्र चोख होता.

मध्य प्रदेशात वार्षिक भाडेमूल्य, म्हणजे ज्यावर संपत्तिकर लागतो तो आकडा, आता कलेक्टर गाइडलाइनशी, म्हणजे जागेच्या सरकारी दरांशी जोडलंय. आसपासच्या रजिस्ट्र्या चढ्या भावानं झाल्या की गाइडलाइन चढते, आणि ज्याला घर विकायचंच नाही त्याचाही कर चढतो. पेन्शन जागच्या जागी.

पण खरा घोळ असतो 'वापर' या रकान्यात. मालक स्वतः राहत असेल तर 1956 च्या महापालिका कायद्यात निवासी भागावर 50 टक्के सूट आहे. खालचं दुकान बंद होऊन तिथे खोली झाली, तरी कराच्या खात्यात ते दुकानच राहतं आणि त्या भागाची सूट जाते. म्हणून आधी वापर बघा, मग मजला, बांधकाम आरसीसी की पत्र्याचं, आणि क्षेत्रफळ टेप लावून ताडून पाहा. मुद्दाम कमी मात्र दाखवू नका. तुम्ही काढलेल्या आणि महापालिकेनं काढलेल्या करात 10 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, पुढे फरकाच्या पाचपट दंड.

आणि बाजार पडला, तर हा कर खाली आलेला कुणी पाहिलाय का?