रापणीत आलेले पाकट

आज सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली गेली, तेव्हा बांगड्यांबरोबर एक मोठे पाकटही (स्टिंगरे, एक चपटा मासा) वाळूवर आले आणि एका अनुभवी रापणकाराने सर्वांत आधी त्याच्या शेपटीवरचा काटा मोडून बाजूला केला. त्या काट्याच्या दोन्ही कडांना करवतीसारखे उलटे दाते असतात आणि त्यावरील आवरणातल्या पेशींत विष असते, त्यामुळे जखम फाटते व वेदना असह्य होतात. मात्र हा मासा आपणहून कोणावर धावून जात नाही; तो उथळ पाण्यात वाळू अंगावर घेऊन पडून राहतो, डोळ्यांमागच्या छिद्रांतून श्वासाचे पाणी घेतो आणि सहसा अंगावर पाय पडला तरच शेपटी उसळवतो. म्हणून पाण्यात पाय घासत चालावे. काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या, साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. तरीही डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच आहे, कारण काट्याचे तुकडे आत राहू शकतात. मला अधिक काळजी वाटते ती पाकटांची. ती अंडी न घालता मोजक्याच पिल्लांना जन्म देतात आणि जाळ्यात सापडलेली गाभण मादी ताणामुळे बऱ्याचदा पिल्ले अकालीच टाकते. अशी मादी जिवंत सापडल्यास तिला पाण्यात परत सोडावे, असे मला मनापासून वाटते.