श्याम थापाला दोन जर्सी : डर्बीच्या पुतळ्यांची नोंद, आठवा महिना

एकोणीस पुतळे पूर्ण झाले, चार प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, आहेत आणि एकाचा पाय घोट्यात मोडला आहे. पावसाळ्याआधी १९७५ चा संच संपवायचा असं ठरवलं होतं, तो संपला. पण तो संपता संपता असा एक प्रश्न उभा राहिला की पुढचं सगळं काम त्याभोवतीच फिरत राहिलं. म्हणून ही नोंद जरा लांब आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन फुटबॉल क्लबांमधल्या सामन्यांचे, म्हणजे डर्बीचे, गोल मी पाटांवर उभे करतो. एक गोल, एक पाट. पुतळा साधारण सात सेंटिमीटरचा, म्हणजे माणसाच्या उंचीचा चोविसावा भाग. आत तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर दोन भाग मिसळून करायची इपॉक्सी पुट्टी, मग सँडपेपर, प्रायमर, अॅक्रिलिक रंग आणि शेवटी मॅट वार्निश. रंगवायला मी शिकलो ते दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांवर. मूठभर उंचीच्या त्या प्लास्टरच्या मावळ्यांचे फेटे रंगवताना ब्रश कसा धरायचा ते कळलं. पुढे कोलकात्यात राहायला गेल्यावर कुमारटुलीच्या गल्ल्यांत मूर्तिकारांचं काम तासन्‌तास बघत उभा राहायचो. दुर्गेचे डोळे ते सगळ्यात शेवटी, महालयाच्या दिवशी काढतात. मीही डोळे शेवटीच रंगवतो. तोवर पुतळा माणूस वाटत नाही आणि चूक झाली तर पुन्हा घासायला जीव धजावतो.

बँकेच्या नोकरीत बाबांची बदली दोनदा कोलकात्याला झाली. पहिली १९७४ साली, लग्नाआधी. दुसरी १९९२ मध्ये, आम्हा सगळ्यांना घेऊन. बाबा पहिल्याच वर्षी मोहन बागानचे झाले. १९११ मध्ये ज्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली, आणि तीही एक सुधीर चॅटर्जी सोडले तर सगळे अनवाणी खेळून, त्या संघाचा नाही व्हायचं तर कोणाचा, असं ते आजही विचारतात. मी मात्र ईस्ट बंगालचा. आमच्या घरमालकीण माशीमा मूळच्या पूर्व बंगालातल्या बारिसालच्या. फाळणीनंतर आलेलं कुटुंब, त्यामुळे त्या घरात फुटबॉल म्हणजे लाल-पिवळा. सामना जिंकला की त्यांच्याकडे इलिश मासा शिजायचा आणि ताट आमच्याही घरी यायचं. मोहन बागान जिंकलं की समोरच्या घरातून कोळंबीचा वास. तिथे कोणी डर्बी म्हणत नसे, ‘बोडो मॅच’, म्हणजे मोठा सामना, म्हणत.

आता १९७५ चा संच. ३० सप्टेंबर, आयएफए शील्डची अंतिम लढत, ईस्ट बंगाल ५, मोहन बागान ०. सुरजित सेनगुप्ताने पाचव्याच मिनिटाला पहिला मारला, मध्यंतराआधी श्याम थापा आणि रणजित मुखर्जी यांचा एकेक, नंतर पुन्हा श्याम थापा आणि शेवटी शुभंकर संन्याल. श्यामने त्या सामन्यात एक पेनल्टीही दवडली, नाहीतर आकडा आणखी मोठा झाला असता. पी. के. बॅनर्जींच्या हाताखालचा तो संघ कलकत्ता लीग सलग सहाव्यांदा जिंकून आला होता.

पाच गोल, म्हणून पाच पाट. यातला चौथा करताना सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो गोल मारणाऱ्यासाठी नव्हे, खाणाऱ्यासाठी. मोहन बागानच्या गोलमध्ये भास्कर गांगुली होता, अगदी तरुण. चार गोल खाल्ल्यावर त्याला बदललं. त्या दिवशी त्याची कारकीर्द संपली असंच कोणालाही वाटलं असतं. पण तोच भास्कर पुढे ईस्ट बंगालमध्ये गेला, वर्षानुवर्षं त्यांच्या गोलमध्ये उभा राहिला आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत भारताचा कर्णधार होता. माझ्या पाटावर तो गुडघ्यांवर आहे, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले, नजर मागे जाळीकडे. पहिल्यांदा मी त्याची मान खाली घातली होती. बाबांनी पुतळा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, “मान वर कर त्याची. तो पोरगा चेंडू बघत होता.” बाबा त्या दिवशी मैदानात होते. मान कापून, नवी तार घालून वर केली. त्यांचं बरोबर होतं. आता तो हरलेला दिसतो, पण संपलेला दिसत नाही.

त्या पाटावर दुसरा आहे श्याम थापा, आणि इथेच प्रश्न उभा राहिला.

श्याम मूळचा देहरादूनकडचा. मुंबईच्या मफतलाल संघातून तो १९७५ ला ईस्ट बंगालमध्ये आला आणि त्याच वर्षी शील्डच्या अंतिम सामन्यात दोन गोल मारले. म्हणजे माझ्या पाटावर तो लाल-पिवळ्या जर्सीत हवा. तसा केलाही. मग बाबा म्हणाले, “आणि अठ्ठ्याहत्तरचा?” १९७७ ला श्याम मोहन बागानकडे गेला. त्याच वर्षी पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉस संघाविरुद्ध ईडन गार्डन्सवर २-२ झाले, त्यातला एक गोल त्याचा. आणि १९७८ च्या लीगमध्ये ईस्ट बंगालविरुद्ध त्याने मारलेली बॅकव्हॉली कोलकात्यातले जुने लोक आजही हातवारे करून दाखवतात. पाठ जमिनीला समांतर, दोन्ही पाय हवेत.

आधी माझी पद्धत अशी होती : एक माणूस, एक पुतळा, त्याच्या सगळ्यात मोठ्या क्लबची जर्सी. श्यामपाशी ती पद्धत मोडली. कुठलाही एक रंग दिला की दुसऱ्या बाजूचे लोक म्हणणार, हा आमचा होता. आणि ते खरंच आहे. शेवटी ठरवलं की जर्सी माणसाची नाही, गोलाची. ज्या गोलासाठी पुतळा आहे, त्या दिवशी अंगावर जी होती तीच. माणसाने दोन्हीकडून मारले असतील तर दोन पुतळे, आणि ते शेजारी शेजारी ठेवायचे. याने काम वाढलं, पण मला रात्री झोप लागली.

१९७८ च्या श्यामला हवेत कसं धरायचं, यावर सहा आठवडे गेले. हे खास पुतळे करणाऱ्या इथल्या मंडळींसाठी लिहितो. पहिला प्रयत्न पाठीतून सरळ खाली दीड मिलिमीटरची स्टीलची तार, पाटात रोवलेली. पुतळा तरला, पण बार्बेक्यूच्या सळईवर लावल्यासारखा दिसला, काढून टाकला. दुसऱ्यांदा तार वाकवून गवतातून वर आणली. ती डुलायची, पंखा लागला की श्याम थरथरत असे. तिसरा उपाय टिकला : पडताना एक हात आधार घ्यायला जमिनीकडे खाली येतो, त्या हातातूनच तार काढली आणि मनगटापासून पाटात घातली. पडताना माणूस हात टेकतोच, त्यामुळे डोळ्याला खटकत नाही. सांगाड्याची तार मात्र खांद्यापासून त्या हातापर्यंत अखंड हवी, जोड असेल तर पुट्टी तिथेच तडकते. वजन कमी करायला धडात पुट्टीऐवजी आत चुरगाळलेली अॅल्युमिनियमची फॉइल भरली. घोट्यात मोडलेला पाय वर सांगितला तो याचाच. एकदा हातातून निसटला. तिथे ड्रिलने बारीक भोक पाडून तारेची खुंटी घालतोय.

रंगांबद्दल दोन गोष्टी. पिवळा रंग काळ्या किंवा राखाडी प्रायमरवर कधीही बसत नाही, मातकट दिसतो. पांढरा प्रायमर घ्या, त्यावर फिकट गेरूचा एक हात, मग पिवळ्याचे पातळ तीन. ईस्ट बंगालचा पिवळा तेव्हाच उजळ येतो. मोहन बागानच्या हिरव्या-मरूनमधल्या मरूनसाठी तयार बाटली घेऊ नका. लालमध्ये थोडा तपकिरी आणि सुईच्या टोकाएवढा निळा मिसळा. हिरवा बाटलीसारखा गडद ठेवा. जुन्या वर्तमानपत्रांतले फोटो काळे-पांढरे आहेत आणि त्यात हिरवा व मरून दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीत येतात, तर लाल-पिवळ्यातला फरक लांबूनही कळतो. त्यामुळे गर्दीच्या फोटोत कोण कुठल्या संघाचा हे ओळखायची माझी खूण हीच : ज्याच्या अंगावर उजेड-अंधार दोन्ही आहे तो ईस्ट बंगालचा.

बाकी कामाचा आढावा पटकन. मोहन बागानच्या मोहम्मद अकबरचा २४ जुलै १९७६ चा गोल करून झाला. सामना सुरू झाल्यापासून सतराव्या सेकंदाला मारलेला. बाबा तेव्हा जागेवर बसत होते, त्यांनी तो पाहिलाच नाही, फक्त आवाज ऐकला. आता पाट पाहून म्हणाले, “असा होता होय.” कृशानू देचे दोन पुतळे ठरले आहेत, कारण तो आणि विकास पांजी १९८५ ला जोडीने मोहन बागानमधून ईस्ट बंगालमध्ये गेले. त्याचा डावा पाय मातीत उतरवणं माझ्या आवाक्याबाहेर वाटतं, म्हणून तो शेवटी. चुनी गोस्वामी आणि सुब्रत भट्टाचार्य यांना मात्र एकच जर्सी. त्यांनी मोहन बागान सोडलाच नाही. मोहन बागानच्या ब्राझिलियन बारेटोचाही एकच. ‘सबुज तोता’, म्हणजे हिरवा पोपट, म्हणायचे त्याला. मधल्या काळात तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला, पण ईस्ट बंगालच्या रंगांत कधी नाही. १६ ऑगस्ट १९८० च्या ईडन गार्डन्सवरच्या सामन्याचा पाट मी करणार नाही. त्या दिवशी गॅलरीत सोळा माणसांचा जीव गेला. त्या जागी यादीत फक्त तारीख लिहून ठेवली आहे.

मुंबईच्या एका काकांनी सुचवलं की रोव्हर्स चषकही घ्या. कूपरेजवर हे दोन्ही संघ यायचे तेव्हा ते भिंतीला लागून उभं राहून बघत. १९७२ चा रोव्हर्स तर दोघांना वाटून दिला होता. गोलाशिवायचा पाट कसा करायचा ते सुचलं की करीन.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलं तो पाट. १३ जुलै १९९७, फेडरेशन कपची उपांत्य फेरी, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. एक लाख एकतीस हजारांवर माणसं. मी पंधरा वर्षांचा होतो. प्रशिक्षक अमल दत्तांचा मोहन बागान डायमंड पद्धतीने, म्हणजे खेळाडूंची हिऱ्याच्या आकारात मांडणी करून, खेळत होता आणि शहरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पी. के. पुन्हा ईस्ट बंगालच्या बाजूला. तिकिटं मिळाली ती ईस्ट बंगालच्या गॅलरीतली, आणि बाबा माझ्याबरोबर तिथे येऊन बसले. हिरव्या-मरून रुमालाची घडी खिशात. पूर्ण सामनाभर त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. ईस्ट बंगालकडून नाझीमुल हकने पहिला मारला, बायचुंग भूतियाने दुसरा. मग चिमा ओकोरीने मोहन बागानचा एक परत केला, तेव्हा बाबा बाकावरून इंचभर उठले आणि मी त्यांची बाही धरून खाली ओढली. आजूबाजूला सगळे आमचे होते. शेवटी भूतियाने आणखी दोन मारले. ४-१. उल्टाडांगापर्यंत आम्ही चालत आलो, रस्ता दिसत नव्हता इतकी माणसं. रात्री माशीमांचा इलिश आला. बाबांनी तो खाल्ला आणि पुन्हा मागून घेतला. अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकरने आम्हाला २-१ ने हरवलं, त्या दिवशी बाबांनी मला काहीच म्हटलं नाही, मलाच श्रीखंड आणून दिलं.

त्या पाटावर भूतिया आहे, चिमा आहे. चिमाही कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांत खेळलेला, तिसरा म्हणजे मोहम्मेडन स्पोर्टिंग. आणि गॅलरीचा एक तुकडा आहे, त्यात दोन माणसं. एकाने दुसऱ्याची बाही धरली आहे. ती दोन अजून प्रायमरवर आहेत.

उरलेली दोन प्रायमरवरची कोण, तेही सांगतो. इराणचा जमशीद नासिरी १९८० ला माजिद बिश्करबरोबर ईस्ट बंगालमध्ये आला आणि इथलाच झाला. त्याचा मुलगा कियान. २९ जानेवारी २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर, कोविडमुळे प्रेक्षकांवाचून झालेल्या डर्बीत, कियान मोहन बागानकडून बदली म्हणून उतरला आणि हॅट्‌ट्रिक करून ३-१ ने जिंकवून गेला. समोर त्याच्या वडिलांचा जुना संघ. मी पुण्यात टीव्हीसमोर हताश बसलो होतो आणि बाबा शेजारी टाळ्या वाजवत होते.

दोघांना एकाच पाटावर ठेवतोय. बाप लाल-पिवळ्यात, मुलगा हिरव्या-मरूनमध्ये. आमच्या घरात रंग उलटे आहेत, एवढाच फरक. काल संध्याकाळी बाबांनी कियानच्या जर्सीचा मरून स्वतः कालवला, निळा जरा जास्त पडला, पुन्हा कालवला. आज दुपारी दुसरा हात द्यायचा आहे. डोळे रविवारी.