जनुक आत गेलं, पण थांबणार कधी?

ऊतक दुरुस्त करायला स्टेम सेल्समध्ये जनुक घालायचं, तर ते वाहून नेणारा विषाणू लागतो; लेन्टिव्हायरस हा त्यातलाच एक. तो बनवायचा असला की आमच्या लॅबमध्ये आधी २९३टी पेशींची (विषाणू तयार करून देणाऱ्या मानवी पेशींची) मनधरणी सुरू होते. या पेशी डिशला जेमतेम चिकटलेल्या असतात. मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) जरा जोरात सोडलं की साबुदाण्याच्या पापडासारखा अख्खा थर सुटून येतो. म्हणून पिपेट डिशच्या कडेला टेकवून थेंब थेंब सोडायचं. मग विषाणू असलेलं मीडियम गोळा करायचं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि स्टेम सेल्सवर घालायचं. सोबत बरेच जण पॉलिब्रीन हे धन भाराचं रसायन घालतात, कारण पेशी आणि विषाणू दोघांच्याही पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि ते एकमेकांना ढकलतात. पण त्याने मेसेन्कायमल पेशींची (आमच्या या स्टेम सेल्सची) वाढ मंदावते, म्हणून मी प्रोटामीन सल्फेटवर भागवते. दोन-तीन दिवसांनी लांबुळक्या पेशी हिरव्या चमकल्या, म्हणजे जनुक आत पोचलं, की सगळे खूश!

मला मात्र तेव्हाच धाकधूक सुरू होते. लेन्टिव्हायरसने नेलेलं जनुक पेशीच्या डीएनएत कायमचं शिरतं. त्वचेला हे हवंच असतं. जर्मनीत २०१५ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाची सुमारे ८० टक्के त्वचा अशीच नव्याने बसवली. त्याच्यात त्वचेचे थर धरून ठेवणारं एलएएमबी३ हे जनुक सदोष होतं. मोडेनाच्या मिकेले दे लूका यांच्या गटाने रेट्रोव्हायरसने (हाही जनुक डीएनएत कायमचं घालतो) ते त्याच्याच पेशींत दुरुस्त करून त्वचेचे तुकडे वाढवले. तिथे जनुक आयुष्यभर चालू राहायला हवं.

हाडाचं तसं नाही. फ्रॅक्चर जुळवायला बीएमपी-२ हे हाड वाढवणारं प्रथिन काही आठवडे पुरे; नंतरही ते चालूच राहिलं तर नको तिथे हाड धरतं. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाचं तर त्याहून वाईट: उंदरांच्या हृदयात ते सतत बनवणाऱ्या पेशी सोडल्या, तर रक्तवाहिन्यांच्या गाठी झाल्या. अशा कामाला ॲडिनोव्हायरस बरा, डीएनएत शिरत नाही आणि पेशी विभागत गेल्या की आपोआप विरळ होतो. (१९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा तरुण दगावला तो याच विषाणूच्या मोठ्या डोसनंतर. पण तिथे तो थेट यकृताकडे सोडला होता. आम्ही डिशमध्ये वापरतो.)

आमच्या पीएचडीच्या मुलाला लेन्टिव्हायरसच हवा आहे, पेशी सगळ्या पकडतो म्हणून. वाद घालून शेवटी डॉक्सिसायक्लिन या औषधावर चालणारा प्रमोटर (जनुकाचं बटण) घातलाय: औषध दिलं की जनुक चालू, काढलं की बंद. पूर्ण बंद होत नाहीच, थोडी गळती राहते. सध्या ती गळती मोजणं चालू आहे.